केसांच्या गोळ्या, खोकल्याची फसफसती गोळी आणि गंधकाचे टाके

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र आले आहे. त्यातला मुद्द्याचा भाग असा :

'माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे. श्रावणात तिला डेंग्यू झाला, आठवडाभर ताप होता. दिवाळीच्या सुमारास तिचे केस मूठमूठ गळू लागले. माघात तिचे लग्न ठरले आहे. पार्लरच्या बाईंनी "सिस्टीन ट्रीटमेंट" करून घ्या आणि एल-सिस्टीन व बायोटिनच्या गोळ्या तीन महिने घ्या, असे सुचवले आहे. माझे सासरे जुन्या खोकल्यासाठी पाण्यात टाकायची फसफसणारी गोळी घेतात. तिच्यावर अ‍ॅसिटिलसिस्टेइन असे लिहिले आहे. दोन्ही एकच असेल, तर तीच मुलीला दिली तर चालेल का? तिला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. ती खराब झालेली असते का? (त्यांना छातीत कळ आल्यास जिभेखाली ठेवायची गोळीही दिलेली आहे.) आमचे घर माळकरी. हे औषध माणसांच्या केसांपासून करतात, असे दिरांनी सांगितल्यापासून सासूबाई ती गोळी देवघराच्या बाजूला ठेवू देत नाहीत. शिवाय दिरांना दोनदा मुतखडा झाला आहे, आणि तोही याच सिस्टीनमुळे होतो म्हणतात. खरे काय ते सांगावे.'

सप्रेम नमस्कार, ताई.

आधी उत्तर देतो, कारणे मागाहून. मुलीला गोळ्या आत्ताच सुरू करू नका. प्रथम रक्त तपासून घ्या. सासऱ्यांची गोळी तिला देऊ नका. त्या गोळीचा वास ती बिघडल्याचा नव्हे. पार्लरमधला उपचार बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय करून घेऊ नका. आणि आपण कंसात, जाता जाता लिहिलेली जिभेखालच्या गोळीची गोष्ट या पत्रातली सर्वांत तातडीची आहे. तिच्याकडे पुढे येतो.

नावांचा घोळ आधी मिटवू, कारण औषधाच्या खोक्यांवरही तो असतो. सिस्टेइन आणि सिस्टीन हे दोन वेगळे पदार्थ आहेत, पण सख्खे आहेत. आपल्या शरीरातली प्रथिने ज्या वीस अमिनो आम्लांची बनतात, त्यांतल्या फक्त दोघांत गंधक असतो : एक मिथिओनिन आणि दुसरे सिस्टेइन. सिस्टेइनच्या रेणूला एका टोकाला गंधकाचा अणू असतो आणि त्या अणूला हायड्रोजनचा एक अणू सैलसर धरून असतो. असे दोन रेणू जवळ आले आणि दोघांचेही हायड्रोजन निघून गेले, की गंधकाला गंधक जोडला जातो. या जोडीला सिस्टीन म्हणतात. म्हणजे दोन सिस्टेइन मिळून एक सिस्टीन. या जोडाला रसायनशास्त्रात डायसल्फाइड बंध असे नाव आहे, पण वर्गात शिकवताना मी त्याला टाका म्हणत असे, कारण तो टाक्यासारखाच घालता येतो आणि टाक्यासारखाच उसवताही येतो. आपल्या पत्रातल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर या टाक्यात आहे.

हा गंधक डोळ्यांनी पाहता येतो. पदवीच्या वर्गाला मी शिकवत असताना मुले गल्लीतल्या केशकर्तनालयातून कागदाच्या पुडीत केस घेऊन येत. परीक्षानळीत चिमूटभर केस घालून त्यांवर कॉस्टिक सोड्याचे तीव्र द्रावण ओतायचे आणि बर्नरवर सावकाश उकळायचे. पाच-सात मिनिटांत केस विरघळून पिवळसर, बुळबुळीत पाणी होते. मग त्यात लेड अ‍ॅसिटेटचे दोन थेंब टाकले, की ते पाणी आधी तपकिरी आणि मग काजळासारखे काळेकुट्ट होते. सिस्टीनमधला गंधक सुटून शिशाला चिकटतो आणि लेड सल्फाइडचा काळा साका बनतो. नखांच्या तुकड्यांनी हेच होते, घोंगडीच्या लोकरीनेही होते. गंधकाला धातूंची ही ओढ मुळातच आहे. हुपरीचे चांदीचे पैंजण पेटीत ठेवून ठेवून काळे पडतात, तेही हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळेच. मात्र जिलेटिन घेऊन हा प्रयोग केला, तर पाणी काळे होत नाही, कारण जिलेटिनमध्ये, आणि ते ज्यापासून निघते त्या हाडा-कातड्यातल्या कोलॅजेनमध्ये, सिस्टेइन जवळजवळ नसतेच. केसांसाठी म्हणून महागड्या कोलॅजेनच्या भुकट्या हल्ली विकल्या जातात, त्यांची जाहिरात पाहिली की मला ती स्वच्छ राहिलेली परीक्षानळी आठवते.

केसातले मुख्य प्रथिन केराटिन. त्यात दर सहा-सात अमिनो आम्लांमागे एक सिस्टेइन असते आणि त्यांतली बहुतेक जोडीने टाका घालून बसलेली असतात. केस ओला केला, तेल लावले, वेणी घातली तरी तो विरघळत नाही की तुटत नाही, तो या टाक्यांच्या दाटीमुळे. केस जळाल्यावर येणारा उग्र वासही याच गंधकाचा. कुरळे केस सरळ करणे किंवा सरळ केस कुरळे करणे म्हणजे हे टाके उसवून दुसऱ्या जागी घालणे. थायोग्लायकोलिक आम्लाच्या मलमाने टाके उसवतात, केस इस्त्रीने हवे तसे बसवतात आणि नंतर हायड्रोजन पेरॉक्साइडने टाके पुन्हा घालतात. उसवलेले सगळेच टाके पुन्हा बसत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी केस थोडा कमजोर होतो. आधीच गळणाऱ्या केसांवर, लग्नाच्या तोंडावर, हा उद्योग कशासाठी करायचा हे मला कळत नाही. पण तो आपला आणि कन्येचा निर्णय आहे.

पार्लरमधली 'सिस्टीन ट्रीटमेंट' ही त्याहून निराळी चीज आहे, आणि तिचे नाव दिशाभूल करणारे आहे. अशा अनेक मिश्रणांत केस सरळ करण्याचे खरे काम सिस्टीन करीत नाही; ते ग्लायऑक्झिलिक आम्ल किंवा त्याची भावंडे करतात, आणि इस्त्रीच्या उष्णतेने त्यातून फॉर्माल्डिहाइडही निघू शकते. ग्लायऑक्झिलिक आम्लाच्या मलमाने केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याच्या नोंदी इस्रायल आणि फ्रान्समधील डॉक्टरांनी अलीकडच्या वर्षांत प्रसिद्ध केल्या आहेत. डोक्याच्या कातडीतून शिरलेल्या आम्लाचे शरीरात ऑक्झलेट होते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात. म्हणून पार्लरमध्ये गेल्यावर बाटली हातात मागून घ्या आणि बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचा. 'ग्लायऑक्झ-' असे सुरू होणारे काहीही त्यात दिसले, तर नमस्कार करून घरी या. 'फॉर्माल्डिहाइड नाही' एवढ्या दर्शनी अक्षरांवर विसंबू नका.

आता गोळीकडे येऊ. तोंडावाटे घेतलेले सिस्टीन केसांकडे जाईल, हा या विक्रीमागचा सगळा भरवसा. पहिली अडचण अशी की टाळूबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला रक्त पोचत नाही, त्यामुळे त्यात आतून काही भरता येत नाही. जे काही होईल ते मुळाशी, आणि केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो हे लक्षात घेता त्याचे फळ दिसायला महिने लागतात. दुसरी आणि मोठी अडचण ही की आतड्यातून आलेले सिस्टेइन प्रथम यकृताच्या ताब्यात जाते, आणि यकृत ते कोणाच्या शिफारशीवरून वाटत नाही. त्यातला बराच भाग ग्लुटाथायोन बनवण्यासाठी लागतो. ग्लुटामिक आम्ल, सिस्टेइन आणि ग्लायसिन या तिघांची ही छोटी साखळी. इंग्रज जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांनी १९२१ मध्ये तिला हे नाव दिले. पेशीत रोज तयार होणारे पेरॉक्साइडसारखे दाहक पदार्थ आणि औषधांचे विषारी अवशेष निकामी करणे हे तिचे काम, आणि ते काम तिच्यातल्या सिस्टेइनच्या गंधकामुळे होते. बाकीचे दोन घटक पेशीत मुबलक असतात, त्यामुळे ग्लुटाथायोन किती बनेल हे सहसा सिस्टेइनच्या पुरवठ्यावर ठरते.

मग जास्त सिस्टेइन दिले तर शरीर ते साठवून ठेवेल आणि उरलेले केसांना देईल, असे वाटणे साहजिक आहे. तसे घडत नाही. मोकळे सिस्टेइन जास्त झाले तर ते घातक ठरू शकते; त्याचा सैल गंधक लोह-तांब्याच्या सान्निध्यात दाहक पदार्थ निर्माण करतो. म्हणून यकृतात त्याच्यासाठी एक खास विकर (एन्झाइम) नेमलेले असते. आहारातून सिस्टेइन वाढले, की या विकराचे प्रमाणही वाढते आणि जास्तीच्या सिस्टेइनचे टॉरिन आणि सल्फेट करून ते लघवीवाटे बाहेर टाकले जाते. जिचा आहार पुरेसा आहे तिने वरून गोळी घेतली, तर पैशांचा बराच भाग असा सल्फेट होऊन जातो.

आणि आहारात तयार सिस्टेइन असायलाच हवे असेही नाही, कारण शरीर ते मिथिओनिनपासून स्वतः बनवते. मिथिओनिनपासून आधी होमोसिस्टेइन, त्यापासून ब-६ जीवनसत्त्वाच्या मदतीने सिस्टेइन, अशी ही वाट आहे. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांत ही वाट पुरती चालू झालेली नसते, म्हणून त्यांना सिस्टेइन बाहेरून लागू शकते. चोवीस वर्षांच्या निरोगी मुलीला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालाप्रमाणे प्रौढ व्यक्तीला मिथिओनिन आणि सिस्टेइन मिळून रोज वजनाच्या दर किलोमागे १५ मिलिग्रॅम लागतात. कन्येचे वजन ५५ किलो धरले, तर ८२५ मिलिग्रॅम. गोळ्यांच्या खोक्यावर सिस्टीनचे जे मिलिग्रॅम छापले असतील ते या आकड्याशी ताडून पाहा, आणि मग घरातल्या जेवणाकडे पाहा.

माळकरी घरात अंडी नाहीत, मासे नाहीत, म्हणून सासूबाईंना कदाचित काळजी वाटत असेल. ती निराधार नाही, पण तिचे उत्तर ताटातच आहे. डाळी-कडधान्यांत गंधकाची अमिनो आम्ले कमी पडतात. ज्वारी, गहू, तांदूळ यांत ती तुलनेने बरी असतात, आणि धान्यांत लायसिन नावाचे जे अमिनो आम्ल कमी असते ते डाळी भरून काढतात. आमटी-भाकरीचा जोड आजीने चवीसाठी बसवला की अनुभवाने, ते सांगता येणार नाही, पण रसायनशास्त्राच्या हिशेबात तो बरोबर बसतो. तिळात मिथिओनिन चांगले असते, तेव्हा तिळाची चटणी रोज पानात असू द्या. दुधाच्या निवळीतल्या, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातल्या, प्रथिनांत सिस्टेइन भरपूर असते; चोथ्यातल्या केसिन या प्रथिनात फार थोडे. दूध उकळताना जो विशिष्ट शिजका वास सुटतो, तो या निवळीच्या प्रथिनांतला झाकलेला गंधक उष्णतेने उघडा पडल्याचा. (गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध प्यायची आपल्याकडची हौस मला ठाऊक आहे, मीही ते प्यालो आहे; पण नुकत्या आजारातून उठलेल्या मुलीला दूध उकळूनच द्या.) दोन वेळचे जेवण, वाटीभर घट्ट आमटी, पेलाभर दूध, दही आणि मूठभर शेंगदाणे पोटात जात असतील, तर ८२५ मिलिग्रॅमची गरज सहज भागते. लग्नाआधी 'बारीक दिसायचे' म्हणून तिने जेवण तोडले असेल, तर मात्र हा हिशेब कोलमडतो, आणि मग केस गळण्याचे कारण वेगळे शोधायला नको.

कांदा-लसणाबद्दल एक गैरसमज ऐकू येतो, म्हणून येथेच सांगतो. लसणात अ‍ॅलिइन नावाचे सिस्टेइनपासून बनलेले संयुग असते. अख्ख्या पाकळीला वास नसतो. ती ठेचली की पेशीत वेगळे ठेवलेले विकर अ‍ॅलिइनला भेटते आणि तो झणका सुटतो. आधी न ठेचता पाकळी तेलात परतली, तर उष्णतेने ते विकर मरते आणि वास मवाळ राहतो. कांदा चिरताना डोळ्यांत येणारे पाणीही अशाच एका नात्यातल्या संयुगाचे. हे सारे सिस्टेइनचे गोत आहे, पण कांदा-लसूण चटणी खाऊन शरीराला प्रथिनांसाठी लागणारे सिस्टेइन मिळत नाही. ती चवीसाठीच खावी.

सासऱ्यांच्या गोळीत जे आहे, ते सिस्टेइनच, पण त्याच्या नायट्रोजनवर अ‍ॅसिटिल गटाची टोपी घातलेली असते. टोपीमुळे ते अधिक टिकाऊ होते. शरीरात गेल्यावर ती निघून सिस्टेइन मोकळे होते. कफाचा चिकटपणा म्युसिन या प्रथिनामुळे, आणि म्युसिनचे लांब धागे एकमेकांना याच गंधकाच्या टाक्यांनी जोडलेले असतात. अ‍ॅसिटिलसिस्टेइनचा मोकळा गंधक ते टाके उसवतो आणि कफ पातळ होतो. पार्लरमध्ये केसांचे जे होते, तेच येथे कफाचे. आपल्याला येणारा वास त्या मोकळ्या गंधकाचा आहे, तो असायचाच. गोळी दमट होऊन फुगली असेल, तिचा रंग बदलला असेल किंवा वेष्टन फुटले असेल, तर टाकून द्या. एरवी पाण्यात पूर्ण विरघळली की लगेच प्यायला द्या, ओतून ठेवू नका.

खोकल्यावर तिचा उपयोग किती, याबाबत पुरावा एकसारखा नाही. युरोपात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम घेऊनही फुप्फुसाची घसरण थांबली नाही. चीनमध्ये २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे हजार रुग्णांच्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅमने आजार उफाळण्याचे प्रसंग कमी झाले. ती चालू ठेवायची की नाही हे त्यांच्या छातीच्या डॉक्टरांनी ठरवावे. पण जिभेखाली ठेवायची गोळी जर नायट्रोग्लिसरीनच्या जातीची असेल, तर अ‍ॅसिटिलसिस्टेइन तिचा परिणाम वाढवते; रक्तदाब एकदम उतरू शकतो, डोके जोराने दुखू शकते. दोन डॉक्टरांनी दोन वेळी दिलेल्या या गोळ्या आहेत, आणि एकाला दुसऱ्याची गोळी माहीत नसावी असा माझा अंदाज आहे. दोन्ही वेष्टने एका पिशवीत घालून या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. ती दाखवेपर्यंत कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. जिभेखालची तर मुळीच नाही. शिवाय फसफसणाऱ्या गोळीत सोड्यामुळे सोडियम असते, तेही हृदयाच्या रुग्णाबाबत विचारून घ्या. दम्याचा त्रास असेल तर तोही सांगा, कारण काहींच्या श्वासनलिका या औषधाने आवळतात.

याच अ‍ॅसिटिलसिस्टेइनचे दुसरे काम मात्र निर्विवाद आहे, आणि डेंग्यू होऊन गेलेल्या घराला ते ठाऊक असावे. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन त्याला लगेच निकामी करते. मात्रा फार झाली, की ग्लुटाथायोन संपते आणि ते विष यकृताच्या पेशींना जाळू लागते. अ‍ॅसिटिलसिस्टेइन शिरेतून देऊन हा साठा पुन्हा भरण्याचा उपचार १९७० च्या दशकात एडिनबरो येथे लॉरी प्रेस्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. तो पहिल्या आठ तासांत सर्वाधिक परिणामकारक असतो, आणि पहिल्या दिवशी रुग्ण अगदी ठणठणीत दिसू शकतो, ही यातली फसवणूक. तापाची गोळी आणि सर्दीची गोळी, दोन्हींत पॅरासिटामॉल असते हे न कळल्याने मात्रा दुप्पट होते. असे कोणाच्या बाबतीत झाले, तर घरातली फसफसती गोळी देऊन वाट पाहत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

निरोगी माणसाने 'शरीर शुद्ध होते' म्हणून अ‍ॅसिटिलसिस्टेइन महिनोन्महिने घेऊ नये, असे माझे मत आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले, की फुप्फुसात कर्कगाठी असलेल्या उंदरांना ते दिल्यावर त्या गाठी अधिक वेगाने वाढल्या. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. पण पेशींना दिलेले संरक्षण बऱ्या-वाईट सगळ्याच पेशींना मिळते, एवढे यातून समजते. आणि पार्लरमधून पुढचा सल्ला बहुधा उजळपणासाठी ग्लुटाथायोनच्या इंजेक्शनांचा येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. त्वचेतल्या रंगद्रव्याच्या निर्मितीत सिस्टेइन शिरले, की काळ्या-तपकिरी रंगाऐवजी पिवळा-तांबडा रंग बनतो, हे रसायन खरे आहे. पण त्यासाठी शिरेतून औषध टोचण्याबाबत फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने उघड इशारा दिलेला आहे. त्या वाटेला जाऊ नका.

दिरांनी सांगितलेली केसांची गोष्ट खोटी नाही. केस किंवा पक्ष्यांची पिसे हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून प्रथिने तोडतात. मग आम्ल मारले, की पाण्यात फारसे न विरघळणारे सिस्टीन स्फटिक होऊन खाली बसते आणि विजेच्या साहाय्याने त्याचे सिस्टेइन करतात. माझ्या परीक्षानळीतलाच प्रयोग, पिंपांच्या मापाने. दुसरी पद्धत आता बरीच रुळली आहे : साखरेवर जिवाणू वाढवून त्यांच्याकडून सिस्टेइन करून घेणे. गोळीकडे पाहून मूळ कोणते ते ओळखता येत नाही, कारण रेणू दोन्हीकडे एकच. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर हिरव्या ठिपक्याची खूण पाहता येते. औषध म्हणून मिळणाऱ्या गोळीसाठी कंपनीला लेखी विचारावे लागते. सासूबाईंना हेही सांगा, की पिठातल्या ग्लुटेन या चिकट प्रथिनाचे गंधकी टाके सैल करण्यासाठी काही बेकऱ्या कणकेत सिस्टेइन घालतात आणि वेष्टनावर त्याचा क्रमांक ९२० असतो. युरोपीय संघात त्यासाठी मानवी केस वापरायला मनाई आहे. मिसळीबरोबरच्या पाकीटबंद ब्रेडवर हा क्रमांक आहे का, ते एकदा पाहावे. सासऱ्यांची गोळी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय केवळ या कारणाने थांबवू नये; पर्याय हवा असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे, त्यात संकोच कसला?

मुतखड्याची गोष्ट अर्धी खरी आहे. सिस्टीनचा शोधच मुळी मुतखड्यात लागला. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम हाइड वुलस्टन यांनी १८१० मध्ये मूत्राशयातल्या एका वेगळ्या खड्याचे पृथक्करण केले. ग्रीक भाषेत मूत्राशयाला 'किस्टिस' म्हणतात, त्यावरून पुढे हे नाव आले. पण सिस्टीनचे खडे एका जन्मजात विकारात होतात, ज्यात मूत्रपिंड गाळलेले सिस्टीन परत शोषून घेत नाही आणि ते लघवीत षटकोनी स्फटिकांच्या रूपाने साचते. प्रौढांच्या खड्यांत असे खडे शंभरात एक-दोनच; बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. दिरांना पहिला खडा लहान वयात झाला होता का, आणि काढलेल्या खड्याचे पृथक्करण झाले होते का, हे विचारा. सिस्टीनचा निघाला, तर घरातल्या इतर रक्ताच्या नात्यांचीही, म्हणजे कन्येचीही, लघवी तपासून घ्यावी, आणि मग तिने सिस्टीनच्या गोळीला हातसुद्धा लावू नये.

राहिले केस गळणे. आठवडाभर ताप येऊन गेल्यावर दोन ते तीन महिन्यांनी केस झपाट्याने गळणे हे ठरलेल्या वेळापत्रकासारखे असते. तापाच्या ताणाने बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि विश्रांती संपल्यावर एकदमच सुटतात. श्रावण ते दिवाळी, हा हिशेब जुळतो. ही गळती सहसा सहा महिन्यांत आपोआप थांबते. आता गोळ्या सुरू केल्या, तर तीन महिन्यांनी केस गळायचे थांबतील आणि श्रेय गोळ्यांना जाईल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. तरीही तपासणी टाळू नका : हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि ब-१२. माळकरी आहारात ब-१२ कमी असणे नित्याचे आहे, आणि ते कमी असले की होमोसिस्टेइन रक्तात साचू लागते. त्यावर उपाय ब-१२ आहे, सिस्टीन नव्हे.

पार्लरने सुचवलेल्या बायोटिनबद्दल, म्हणजे ब गटातल्या एका जीवनसत्त्वाबद्दल, एक खबरदारी. जास्त मात्रेतले बायोटिन रक्ताच्या काही चाचण्यांत ढवळाढवळ करते. थायरॉइडचा अहवाल असा येतो, की जणू ग्रंथी बेफाम चालली आहे, आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीचे आकडे खोटे कमी दिसू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याविषयी इशारा दिला होता. कन्येने पार्लरच्या गोळ्या कालपरवा सुरू केल्याच असतील, तर प्रयोगशाळेत तसे सांगा आणि डॉक्टरांना विचारून रक्त देण्यापूर्वी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवा.

माघापर्यंत तिच्या कपाळाच्या कडेला आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटीमीटरचे आखूड, ताठ उभे राहणारे केस दिसू लागतील. पार्लरमध्ये त्यांना तुटलेले केस म्हणतील आणि ते सरळ करून द्यायचा आग्रह धरतील. बोटांत धरून त्यांचे टोक पाहा : तुटलेल्या केसाचे टोक बोथट असते, नव्या केसाचे निमुळते. निमुळते असेल, तर तो नव्याने उगवलेला केस आहे, आणि मुंडावळ्या बांधताना थोडे जेल लावून चापून बसवला म्हणजे झाले.